फँटमची नाडी

वरातीसाठी फुलांनी सजवलेली जुनी रोल्स रॉइस ऐटीत निघते आणि पाऊण तासाने भर रस्त्यात आचके देत बंद पडते. मालकाचा चेहरा उतरतो. बघे लगेच निदान करतात, ‘इंजिन गेलं!’ खरे तर इंजिन सहसा गेलेले नसते. घाबरून ते उगाच उघडले, तर मात्र जायची शक्यता असते.

१९२५ साली आलेल्या फँटम-१ चेच पाहा ना. साडेसात लिटरहून मोठे, सहा सिलिंडरचे इंजिन आणि प्रत्येक सिलिंडरला दोन, असे बारा स्पार्क प्लग! सहांना बॅटरी-कॉइलची ठिणगी, सहांना मॅग्नेटोची. एकीने दगा दिला तरी दुसरीवर घर गाठता यावे, ही त्यामागची सोय. जाणता मिस्त्री तिचाच तपासणीसाठी उपयोग करतो. आधी एक ठिणगी बंद करून इंजिन चालवतो, मग दुसरी. कॉइलवर सुरळीत आणि मॅग्नेटोवर मिसिंग, तर दोष मॅग्नेटोच्या बाजूला. दोन्हींवर सारखेच रडगाणे असेल, तर बहुधा पेट्रोलकडे वळायचे. एकही नट सैल न करता निम्मा शोध संपतो.

‘गार असताना छान चालते, तापली की बंद पडते,’ ही जुन्या गाड्यांची नेहमीची तक्रार. इथे कंडेन्सर किंवा मॅग्नेटोची कॉइल तापून निकामी होत असेल, तर प्लगला ठिणगी मिळत नाही. ठिणगी आहे पण कार्ब्युरेटर कोरडा, तर पेट्रोलची नळीतच वाफ झाली असावी. किंवा टाकीच्या झाकणातले हवेचे बारीक भोक बुजलेले असते. झाकण उघडताच ‘सुस्स’ आवाज आला की चोर सापडला! पण हे सगळे गाडी बंद पडल्या जागीच पाहायला हवे. गार झाल्यावर गॅरेजात नेली, तर ती शहाण्या मुलासारखी वागते आणि खोटा पडतो तो मालक.

काही वेळा तर बिघाड नसतोच. या गाडीत पेट्रोलचा पंप नाही. ऑटोव्हॅक नावाची छोटी टाकी इंजिनाच्या ओढीने मागच्या टाकीतले पेट्रोल खेचते आणि तिथून ते कार्ब्युरेटरमध्ये उतरते. घाटात अ‍ॅक्सिलरेटर सतत पूर्ण दाबून धरला की ही ओढच कमी होते, छोटी टाकी रिकामी होते आणि गाडी अडखळते. अशा वेळी क्षणभर पाय उचलला तरी पुरते. हे माहीत नसलेल्यांनी चांगले कार्ब्युरेटर खोलून त्यांची वाट लावली आहे!

आता एक नवे दुखणेही आले आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते, जुने रबर फुगवते आणि ज्या गाड्यांत कॉर्कचे फ्लोट आहेत, त्यांच्यावरचा लाखेचा लेप विरघळवते. कॉर्क पेट्रोल पिऊन जड होतो आणि कार्ब्युरेटर वाहू लागतो. रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करून ठेवावी.

मालकाने एक वही मात्र जरूर ठेवावी. गाडी किती वेळाने बंद पडली, चढ होता की सपाटी, पुन्हा कधी सुरू झाली, हे त्यात लिहावे. टाकीत पेट्रोल किती होते तेही, पण काठी बुडवून पाहून. शंभरीला टेकलेल्या काट्याचा काय भरवसा?