गोष्टी कुणाच्या, नाव कुणाचं?

लंडनच्या आल्बमार्ल स्ट्रीटवरच्या जॉन मरे यांनी १८६८ साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ छापलं. नऊच वर्षांपूर्वी डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ काढणारे प्रकाशक ते हेच. हिंदुस्थानी लोककथा प्रत्यक्ष ऐकून इंग्रजीत उतरवणाऱ्या पहिल्या संग्रहांत या पुस्तकाची गणना होते.

त्याचं शीर्षकपान सावकाश वाचावं असं आहे. आधी पुस्तकाचं नाव, मग कथा दक्षिण हिंदुस्थानातल्या असल्याचं सांगणारं लांबलचक उपशीर्षक. त्याखाली संकलक एम. फ्रिअर, प्रस्तावना आणि टिपा सर बार्टल फ्रिअर, चित्रं सी. एफ. फ्रिअर. सगळा घरचाच कारभार! मुंबईचं गव्हर्नरपद भूषवलेल्या वडिलांची ‘सर’ पदवी शाबूत, लेकींची मात्र आद्याक्षरांवर बोळवण. ‘एम.’ म्हणजे मेरी, हे कळायलाही दुसरीकडे बघावं लागतं.

आणि गोष्टी सांगणारी? ती या पानावर नाहीच.

तिचं नाव ॲना लिबराटा डिसोझा, मेरीची आया. १८६५-६६च्या हिवाळ्यात गव्हर्नरांचा लवाजमा दख्खनच्या दौऱ्यावर होता. त्या मुक्कामांत आजीकडून ऐकलेल्या गोष्टी ॲना आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायची आणि विशीतली मेरी त्या टिपून घ्यायची. ॲनाच्या आजोबांचं घराणं कालिकतचं, लिंगायत. पुढे गोव्याजवळ येऊन राहिलं आणि आजोबा तिथे ख्रिस्ती झाले. या गोष्टी असा प्रवास करून आलेल्या. मुखपृष्ठावरच्या ‘डेक्कन’ या एका शब्दात तो सगळा मावलेला नाही.

त्यातली एक तर मराठी पोरांच्या घरचीच. पावसात घर गेलेले कावळे, पक्क्या घरातली चिमणी आणि दाराशी चाललेली विनवणी. आपल्याकडे बाळाचं न्हाणं-खाणं पुढे करून कावळ्याला ताटकळत ठेवणाऱ्या चिऊताईचं मुलांना कौतुकच वाटतं. इथे शीर्षकातच चिमणी ‘स्वार्थी’ आणि कावळे ‘बेघर’. निकाल आधी, खटला नंतर.

मेरीवर सरसकट ठपका ठेवणं मात्र अन्यायाचं होईल. ॲनाची जीवनकहाणी तिने तिच्याच तोंडून पुस्तकात घातली. पुण्याच्या नदीत बुडून गेलेला मुलगाही तीत येतो. आयाला पुस्तकात एवढी जागा देणारे त्या काळी कितीसे असतील? पण ग्रंथालयाची नोंद होते ती शीर्षकपानावरून, आतल्या पानांवरून नव्हे. १८७०, १८८१ अशा आवृत्त्या निघत गेल्या आणि पुस्तक ‘फ्रिअर’ याच नावाने ओळखलं गेलं. २००२ साली किरीन नारायण यांनी संपादित केलेल्या आवृत्तीने ॲनाकडे नव्याने लक्ष वेधलं.

तेव्हा यापुढे पुस्तक छापताना किंवा त्याची प्रत सूचीत चढवताना ‘संकलन’ या शब्दाच्या वर ‘कथन : ॲना लिबराटा डिसोझा’ एवढी एक ओळ घालायला काय हरकत आहे? सुरुवात पुण्यातूनच व्हावी. १८८७ साली ॲना वारली ती गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये. बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत बांधायला घेतलेली ती वास्तू म्हणजेच आजची पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत.