खिसे वीस, खांदे दोन

थंडी सुरू झाली की हतनूर धरणाच्या काठावर आणि पालच्या रस्त्यावर खाकी किंवा हिरव्या रंगाची, खिसेच खिसे असलेली जाकिटे दिसू लागतात. पक्ष्यांचे फोटो काढण्याचा छंद जळगाव-धुळ्याकडे आता चांगलाच रुजला आहे. त्यात लग्नाचे फोटो काढणारे, वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार आणि व्हिडिओवाले यांची भर. यांच्यापैकी कोणी ना कोणी मान धरून किंवा खांदा चोळत दवाखान्यात येतो आणि चिठ्ठी हातात पडल्यावर उठता उठता विचारतो, ‘‘डॉक्टरसाहेब, बॅग सोडून ते खिशांचे जाकीट घेतले तर बरे पडेल का?’’

प्रश्न इतक्या वेळा आला आहे की एकदा सविस्तर उत्तर देऊन टाकावे. माझे मत असे, की जाकीट जरूर घ्यावे, पण जड सामान वाहण्यासाठी घेऊ नये. आणि होळीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत आपल्या भागात ते उन्हात अंगात घालूच नये. दुकानदारांना हे मत रुचणार नाही, पण खांदे तुमचे आहेत.

हे जाकीट मुळात छायाचित्रकारांचे नव्हेच. ते मासे पकडणाऱ्यांचे. अमेरिकेत ली वुल्फ नावाच्या गळाच्या शौकिनाने १९३०च्या दशकात ते रूढ केले असे मानतात. नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गळ टाकायचा, तर पिशवी ठेवायला जमीन नसते; म्हणून छातीवरच खिसे शिवले. त्या खिशांत काय होते? गळ, दोरा, पिसांची खोटी माशी. सारा जिन्नस मिळून पावशेरही भरला नसता. पुढे वृत्तपत्र छायाचित्रकारांनी ते उचलले, कारण त्यांना फिल्मचे रोल हाताशी हवे असत आणि रोलही हलकेच. १९८०च्या दशकात एका अमेरिकी दुकानाने छायाचित्रकारांचे जाकीट म्हणून ते खूप खपवले. त्या दुकानाचे नाव ‘बनाना रिपब्लिक’. रावेर-यावलच्या केळीशी त्याचा काडीचा संबंध नाही, तरी जळगावकरांना गंमत वाटावी म्हणून सांगितले.

आपल्याकडे तर ही वस्तू जुनीच आहे. आजोबांच्या पिढीतला शेतकरी अंगात बंडी घालायचा. तिला आतून-बाहेरून खिसे. त्यांत तंबाखूची चंची, चुन्याची डबी, चार नोटा, बाजारपट्टीची पावती. कापड पातळ सुती, धुवायला सोपे, घाम टिपणारे. त्या बंडीत कोणी नांगराचा फाळ घालून चालला नाही. नव्या जाकिटात आणि बंडीत फरक पडतो तो इथेच.

खिशांचा खरा उपयोग वजनासाठी नाही, हाताच्या वेळेसाठी आहे. याचे उदाहरण आपल्याच मुलखातले देता येईल. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणालाच खात्रीने दिसले नव्हते. ते नामशेष झाले असे बहुतेकांनी धरले होते. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकी पक्षितज्ज्ञांना ते पुन्हा सापडले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. तब्बल ११३ वर्षांनी दिसलेला पक्षी कॅमेऱ्यात टिपला गेला नसता, तर जगाने विश्वास कसा ठेवला असता? अशा क्षणी पाठीवरची सॅक उतरवून चेन उघडत बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. सुटी बॅटरी, कार्ड, लेन्स पुसायचा कपडा या गोष्टी न पाहता हाताला लागल्या पाहिजेत. एवढ्यासाठी खिसे हवेत.

हा पिंगळा इतर घुबडांसारखा रात्रीचा नव्हे. दिवसाउजेडी, विशेषतः सकाळी शिकार करतो. म्हणजे त्याच्यामागे सातपुड्यात हिंडणाऱ्यालाही उजेडात, चढ-उतारावर, तासन्‌तास हिंडावे लागते. (चाळीसगावचे केकी मूस हे आपल्या खानदेशचे नामवंत छायाचित्रकार. १९८९ मध्ये वारले. आयुष्याची कित्येक दशके ते बंगल्याबाहेर पडलेच नाहीत, टेबलावर वस्तू मांडून त्यांनी अप्रतिम छायाचित्रे काढली. त्यांच्या खांद्यांना हा त्रास नव्हता. पण सगळ्यांनाच तसे जमत नाही.)

आता वजनाकडे येऊ. कॅमेरा पाऊण ते एक किलो. लांबचा पक्षी जवळ आणणारी १५० ते ६०० मिलिमीटरची लेन्स साधारण दोन किलो. दुसरी लहान लेन्स अर्धा किलो. तिपाई दोन किलो. फ्लॅश आणि बॅटऱ्या मिळून अर्धा-पाऊण किलो. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. बेरीज आठ किलोच्या घरात जाते. शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असे केंद्र सरकारच्या २०२०च्या दप्तर धोरणात म्हटले आहे. मुलाच्या दप्तरासाठी शाळेत जाऊन भांडणारा बाप स्वतः साठ किलोचा असून आठ किलो एका खांद्यावर लटकवून दिवसभर फिरतो, याला काय म्हणावे?

एका खांद्यावरची बॅग सर्वांत वाईट. पट्टा घसरू नये म्हणून तो खांदा आपोआप वर उचलला जातो आणि मानेपासून खांद्यापर्यंत उतरणारा स्नायू सतत आवळलेला राहतो. आवळलेल्या स्नायूला रक्तपुरवठा कमी होतो, तो दुखू लागतो. तोल सावरण्यासाठी पाठीचा कणा दुसऱ्या बाजूला वाकतो. एका टोकाला भरलेली घागर आणि दुसरे टोक रिकामे अशी कावड कोणी उचलणार नाही, पण बॅग मात्र आपण रोज तशीच उचलतो. गळ्यात अडकवलेला जड कॅमेरा मान पुढे ओढतो, तोही तेवढाच त्रासदायक.

जाकिटाने यातला एक दोष जातो. भार दोन्ही खांद्यांवर येतो आणि शरीराला चिकटून राहतो. हा मोठा फायदा आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण दुसरा दोष राहतोच, किंबहुना वाढतो. जाकिटातले सगळे वजन शेवटी खांद्यांवरच लटकते, कमरेवर काहीच उतरत नाही. शिवाय मोठे खिसे सगळे पुढच्या बाजूला. ते भरले की माणूस पुढे ओढला जातो, त्याला पोक येते. खालच्या खिशातली लेन्स चालताना घड्याळाच्या लंबकासारखी मांडीवर आपटते. अरुंद पट्ट्याचा दाब खांद्यावर फार वेळ राहिला तर हाताकडे जाणाऱ्या नसा दबतात किंवा ताणल्या जातात, बोटांना मुंग्या येतात. सॅक घेऊन लांब चालणाऱ्या सैनिकांमध्ये तर यामुळे हात लुळा पडण्याचा प्रकार डॉक्टरांना परिचित आहे. त्याला ‘रकसॅक पाल्सी’ म्हणतात.

म्हणून माझे सांगणे असे, की जड ते कमरेवर आणि हलके ते छातीवर. मोठी लेन्स, तिपाई आणि पाणी हे कमरेला रुंद पट्टा असलेल्या पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवावे. हा पट्टा पोटावर सैल सोडायचा नसतो, कमरेच्या दोन्ही हाडांवर घट्ट बसवायचा असतो. मग बराचसा भार खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडावर आणि पायांवर जातो. बहुतेकांच्या सॅकला तो पट्टा असतो आणि बहुतेकांचा तो मागे लोंबत असतो! जाकिटात एक-दीड किलोपेक्षा जास्त नको. हा आकडा पुस्तकातला नाही, रोगी पाहून बनलेले माझे मत आहे. घरी वजनकाट्यावर आधी रिकाम्या अंगाने आणि मग भरलेले जाकीट घालून उभे राहा. फरक डोळ्यांना दिसेल.

खिशांबद्दल दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या. पाठीमागच्या खिशात कठीण वस्तू कधीही ठेवू नये. सातपुड्यातल्या घसरड्या नाल्यात माणूस पाठीवर पडतो तेव्हा तो लोखंडी चार्जर सरळ मणक्यावर बसतो. दुसरे, कॅमेऱ्याची सुटी बॅटरी नाण्यांच्या किंवा किल्ल्यांच्या खिशात टाकू नये. दोन टोके धातूने जोडली गेली की ती तापते, पेटूही शकते. प्लॅस्टिकची टोपी किंवा वेगळी डबी वापरावी. आणि एका खिशात कागदावर नाव, घरचा फोन, चालू असलेली औषधे लिहून ठेवावीत. रानात मोबाइलला रेंज नसते आणि कुलूप लावलेला फोन दुसऱ्याला उघडता येत नाही.

आता उन्हाळा. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ला टेकतो, धुळ्यात फारसे वेगळे नसते. हवा आपल्या कातडीपेक्षा गरम असते तेव्हा शरीर थंड करण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. अशा उन्हात काम करणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज येतो. तो छातीवर आणि पाठीवर वाळायला हवा, आणि नेमक्या तिथेच आपण दुहेरी-तिहेरी जाड कापड चढवतो. घाम येतो पण वाळत नाही. शरीर आतून तापत जाते.

पक्षिमित्र निदान सकाळी नऊला परत फिरू शकतात. लग्नाचा फोटोग्राफर कुठे जाईल? आखाजीच्या आसपासची लग्नसराई म्हणजे त्याची वर्षाची कमाई. वरात भर उन्हात, मंडपात पत्रे तापलेले, वर व्हिडिओच्या दिव्यांची धग. स्टुडिओने पाठवलेला मुलगा वीस वर्षांचा, वजनाने पन्नास किलोचा. त्याच्या अंगावर दोन कॅमेरे, फ्लॅश, बॅटऱ्या असे सगळे जाकिटात कोंबलेले. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत त्याला पाणी विचारणारा कोणी नसतो. इतके सगळे अंगावर का, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: बॅग खाली ठेवली की चोरीला जाते, आणि कॅमेरा कर्जावर घेतलेला असतो. ही भीती खोटी नाही. पण कॅमेऱ्याच्या राखणीसाठी पोराचे शरीर वापरायचे, हे मला पटत नाही. मंडपात जमीन सपाट असते, चालायचे अंतर थोडे असते. कुलपाची पेटी आणि तिच्याजवळ बसणारा एक मदतनीस, एवढ्याने काम भागते. स्टुडिओच्या मालकांनी मदतनिसाची मजुरी लग्नाच्या बिलात धरावी. वधुपित्यानेही फोटोग्राफरला बँडवाल्यांबरोबर सावलीत बसवून पाणी द्यावे, म्हणजे अल्बमही बरा येईल.

उन्हात डोके दुखणे, मळमळ, भोवळ, पायात गोळे येणे ही पहिली सूचना समजावी. जाकीट ताबडतोब काढा, सावलीत बसा, ओआरएसचे पाणी घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल इतके तापले, तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाते.

आणखी एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. ही जाकिटे धुतली जात नाहीत. वीस खिसे रिकामे करायचे आणि पुन्हा भरायचे, याचा कंटाळा. मिठाचे पांढरे चट्टे पडलेले जाकीट हंगामभर तसेच वापरले जाते. मग काखेत, छातीखाली गजकर्ण. त्यावर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे मिश्र मलम. त्याने खाज थांबते, गजकर्ण मात्र पसरते आणि पुढे साध्या औषधांना दाद देत नाही. आठवड्याला जाकीट धुवा, उन्हात उलटे करून वाळवा. मलम विचारूनच लावा.

विकतचेच जाकीट हवे असा हट्ट नाही. गावातल्या चांगल्या शिंप्याकडून पातळ सुती कापडाचे शिवून घ्या: पाठ जाळीची, खांद्याची पट्टी चार बोटे रुंद, पुढे सहाच खिसे आणि तेही लहान. मोठे खिसे शिवले की ते भरले जातातच.

खांदेदुखी विश्रांतीने आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. ती गेली नाही, रात्री कुशीवर झोपता येईना, बोटे बधिर राहू लागली, हातातली पकड सुटू लागली किंवा हात वर उचलून केस विंचरता येईनासे झाले, तर दुखणे अंगावर काढू नका. मालिश करणाऱ्याकडून मान मोडून घेऊ नका. डॉक्टरकडे जा. आणि जाताना बॅग किंवा जाकीट घरी ठेवू नका. रोज जसे भरता तसे भरूनच घेऊन जा, म्हणजे तेही काट्यावर ठेवता येईल.