आधी खिंड, मग मुक्काम
पोर्टलंड परिसरातल्या मराठी घरांत उन्हाळ्यात आजी-आजोबा आले, की ओरेगॉन दाखवण्याचे बेत सुरू होतात. माझा आग्रह असा, की हॉटेलं शोधण्याआधी खिंडी बघाव्यात. कॅस्केड पर्वत ओलांडणारा मॅकेन्झी खिंडीचा २४२ क्रमांकाचा रस्ता हिवाळाभर बर्फाखाली असतो, तो बहुधा जूनमध्ये उघडतो. ऑगस्टमध्ये वणव्यांच्या धुराची धास्ती. म्हणून जुलैचा उत्तरार्ध धरावा. सुरुवात १०१ हमरस्त्याने, किनाऱ्याकाठून. १९६७च्या कायद्यामुळे इथली वाळू सर्वांना खुली राहिली, ही मला या राज्याची सर्वांत देखणी गोष्ट वाटते. कोकणच्या समुद्राची सवय असलेल्यांनी मात्र पाण्यात शिरायची घाई करू नये. भर उन्हाळ्यातही ते गारठवणारं असतं, आणि एखादी लाट अचानक खूप वर चढून येते. मुलांना समुद्राकडे पाठ करू देऊ नका. फ्लॉरेन्सला आत वळून यूजीनमार्गे खिंड चढली, की काळ्या लाव्हाचं रान लागतं, आणि पलीकडे पाऊसच संपतो. महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव कोरडं राहतं, तसंच हे. ढग पश्चिम उतारावरच रिते होतात. या कोरड्या बाजूचं बेंड शहर सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, तेव्हा जुलैतही रात्रीसाठी स्वेटर, आजोबांची कानटोपी हवीच. बेंडहून पुढे पेंटेड हिल्स या टेकड्यांचे लाल-पिवळे पट्टे उतरत्या उन्हात खुलतात, त्यामुळे तिथे दुपारनंतर पोहोचावं. त्याआधी वाटेतल्या प्राइनव्हिलला पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून घ्यावी.