विश्लेषण : माझदाने बंद केलेले रोटरी इंजिन परत का आणले?

जपानच्या माझदा कंपनीने २०१२ मध्ये ‘आरएक्स-८’चे उत्पादन थांबवले, तेव्हा मोटारींतील रोटरी इंजिनाचा जमाना संपल्यात जमा होता. २०२३ मध्ये ते ‘एमएक्स-३०’मधून परतले, पण आता ते चाके फिरवत नाही, फक्त वीज तयार करते.

काम कसे चालते?

जर्मनीच्या फेलिक्स वान्केल यांच्या या रचनेत खाली-वर होणारा पिस्टनच नाही. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लंबगोल कवचात फिरतो. एका बाजूला इंधनमिश्रण आत येत असते, तेव्हा दुसरीकडे ज्वलन सुरू असते. व्हॉल्व्ह नाहीत, सुटे भाग कमी, थरथर नगण्य. चार रोटरच्या ‘७८७बी’ने १९९१ मध्ये ल माँची २४ तासांची शर्यतही जिंकली.

मग अडले कुठे?

रोटरच्या टोकांवरील सीलपाशी. कवचाला घासून ते झिजतात. त्यांना वंगण मिळावे म्हणून थोडे ऑइल जाळावेच लागते. शिवाय ज्वलनकक्ष लांबट, चपटा; त्यामुळे काही इंधन न जळताच बाहेर पडते. मायलेज कमी, प्रदूषण जास्त. ‘एनएसयू’ या जर्मन कंपनीच्या तर १९६७ च्या ‘आरओ ८०’ची इंजिने वॉरंटीत बदलून देताना नाकीनऊ आले.

जनरेटर म्हणून काय फायदा?

‘एमएक्स-३०’मध्ये ८३० सीसीचा एकच रोटर आहे. चाकांशी थेट जोडणी नसल्याने तो सोयीच्या वेगाने फिरवता येतो आणि मोटरशेजारी बॉनेटखाली सहज मावतो. बॅटरीवर गाडी सुमारे ८५ किलोमीटर धावते. रोजच्या ये-जा करण्याला तेवढे पुरते. लांबच्या प्रवासात बॅटरी उतरली, की इंजिनाची इंधन पिण्याची जुनी खोड पुन्हा दिसते.