जात्याला श्रेय देऊ नका

‘रोजचं जगणं हीच कला’ या अर्थाचं काहीतरी हल्ली दर दोन दिवसांनी कानावर आदळतं. स्वयंपाक ही साधना, घर सजवणं म्हणजे आत्माविष्कार, मुलाबाळांसोबतचा प्रवास म्हणजे सहजीवनाचा उत्सव. रविवारच्या पुरवणीत हे असतं, रीलमध्ये असतं, ८ मार्चच्या भाषणात तर असतंच. ‘गृहिणी हीच खरी कलावंत’ असं म्हणून वक्ता खाली बसतो, टाळ्या पडतात. त्यानंतरचा चहा कोण घेऊन येतं तेवढं बघावं.

मला या वाक्याचा राग येतो. स्वयंपाकाचा येत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर सावलीत वाळवून किंचित ओलसर असतानाच कुटायचे, गुळात मळून गोळा चार-पाच दिवस मुरू द्यायचा, मग खसखशीवर थापून तुपात सोडायचा. इतकं करून अनारसा न हसता जाळीदार निघाला की जो आनंद होतो, तो मला एखादा लेख मनासारखा उतरल्यावरही होत नाही. तेव्हा ‘हिला जमत नाही म्हणून बोलते’ हा मुद्दा बाजूला ठेवू. माझं म्हणणं असं, की अनारसा ही निर्मिती आहे, मंगळवार संध्याकाळची पोळीभाजी हे काम आहे, आणि दोन्हींना एकच गोड नाव दिल्यानं फायदा त्याचा होतो, जो दोन्ही करत नाही.

फरक कौशल्याचा म्हणाल तर तो नाही. मंगळवारच्या भाजीला डोकं कदाचित अनारशापेक्षा जास्त लागतं. फ्रिजमध्ये अर्धा कोबी, सासूबाईंना वातूळ चालत नाही, मुलगा कोबी खात नाही, मटकी भिजवायची काल राहिली, आणि साडेसात वाजलेत. शिळ्या पोळ्या कुस्करून ज्या कुण्या बाईनं पहिल्यांदा फोडणीला टाकल्या ती कल्पक होतीच. तिचं नाव कुणाला माहीत नाही ही गोष्ट वेगळी. पण अनारसे यंदा केले नाहीत तर कुणाचं अडत नाही. भाजी केली नाही तर अख्खं घर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहतं. ज्याला ‘आज नको’ म्हणता येत नाही, ते कितीही सुबक झालं तरी कर्तव्यच असतं. कवीला कविता सुचली नाही तर आपण त्याला वेळ देतो, त्याच्या मौनावर परिसंवाद घेतो. ‘आज पोळ्या सुचल्या नाहीत’ असं एकदा घरी म्हणून दाखवा.

आता थोडे आकडे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. हे सरासरी आकडे कामाला हात लावणाऱ्यांपुरतेच आहेत. असे हात लावणारे पुरुष होते २६ टक्के, बायका ८१ टक्के. २०२४ च्या पाहणीत मिनिटं झाली २८९ आणि ८८. पाच वर्षांत दोघांनाही साधारण दहा-दहा मिनिटांची सूट मिळाली, अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आलं. मिक्सर, फूड प्रोसेसर, झाडू मारणारा रोबो, घरपोच निवडलेली मेथी, एवढं सगळं येऊन एक मिनिट.

जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’ या गटात जाते. २००१ च्या जनगणनेनं तर तिला भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याच गटात बसवलं होतं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याबद्दल स्पष्ट नापसंती दाखवली. तो खटला होता अपघाताच्या भरपाईचा, आणि प्रश्न होता अपघातात गेलेल्या गृहिणीच्या कामाचं मोल किती धरायचं हा. म्हणजे जिवंत असेपर्यंत ती कलावंत. तिच्या कामाचा हिशोब मांडायची वेळ येते ती तिच्या मरणानंतर, विमा कंपनीसमोर.

इथे कुणीतरी बहिणाबाईंना मध्ये आणतं. नेहमी आणतं. ‘त्या नाही का जात्यावर बसून कविता करत?’ करत होत्या. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईनं जे रचलं ते तिच्या लेकानं आणि नात्यातल्यांनी टिपून ठेवलं म्हणून उरलं, आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. पण या युक्तिवादात एक लबाडी दडलेली आहे. कविता बहिणाबाईंनी केली, जात्यानं केली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्यांत राम-सीता आहेत, विठ्ठल आहे, भाऊ आहे, आणि बाईच्या जन्माला आलो याबद्दलची पोटतिडीकही भरपूर आहे. पहाटे, सगळं घर झोपलेलं असताना दळताना ही बाई गायची, कारण मोकळेपणानं बोलायला दुसरी वेळ आणि दुसरी जागा नव्हती. नंतर गावात पिठाची गिरणी आली. काय झालं? बायकांनी डोक्यावर डबा घेतला आणि गिरणीची वाट धरली. ‘आमचं सर्जन हिरावलं’ म्हणून एकीनंही जात्याला मिठी मारल्याचं मी ऐकलेलं नाही. ओव्या थांबल्या याची हळहळ अभ्यासकांना वाटली, मलाही वाटते. पण दळणं थांबलं याची हळहळ फक्त त्यालाच वाटू शकते, ज्यानं कधी दळलं नाही.

तेच जातं आता दिवाणखान्यात आलंय. वर गोल काच, काचेवर कॉफीचे मग. बाल्कनीत पाटा-वरवंटा, त्याच्या खळग्यात पाणी आणि जास्वंदीची फुलं. घंगाळात मनीप्लांट. एका परिचितांच्या घरी तांब्याचा बंब चकचकीत करून, आतून दिवा लावून कोपऱ्यात उभा केलाय आणि येणारा प्रत्येकजण ‘काय सुंदर!’ म्हणतो. माझी आजी त्या वस्तूला ‘मेला बंब’ म्हणायची. पहाटे उठून भरायचा, ढलप्या घालून पेटवायचा, धूर डोळ्यांत घ्यायचा, राख काढायची, आणि सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर उरलेल्या कोमट पाण्यात आपण उरकायचं. गीझर आला त्या दिवशी तिनं बंब मोडीत घालायला लावला. भाव विचारण्याच्या आतच, असं आई सांगते. घर सजवायला माझी ना नाही. पण बायकांच्या खांद्यांचं ज्यांनी वाटोळं केलं त्या वस्तू ‘वारसा’ म्हणून मांडायच्या, आणि तांबं-पितळ दर पंधरा दिवसांनी चिंच लावून घासायचं काम पुन्हा बाईकडेच द्यायचं, हा सौंदर्यदृष्टीचा कुठला प्रकार आहे?

घराच्या भिंतीची गोष्ट निघालीच आहे तर डहाणू-तलासरीकडे बघू. वारली चित्रं मुळात घरसजावटच, आणि लग्नविधीचा भागही. लग्नघरात कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहायचा, त्यात पालघाट देवी. हे लिहिण्याचा मान सवाशिणींचा. पिढ्यान् पिढ्या त्या लिहीत आल्या आणि लग्न उरकलं की भिंत पुन्हा सारवली जायची. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी तिथे गेले, वारल्यांच्या हाती कागद आला, आणि जगापुढे नाव आलं ते गंजाडच्या जिव्या सोमा माशे यांचं. माशे थोर चित्रकार होते, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती योग्यच मिळाली. मासे धरायचं जाळं कागदावर ज्या तऱ्हेनं ते पसरत, ते भिंतीवरच्या चौकात मावणारं नव्हतं. पण त्यांना काय मिळालं ते बघा. लग्नाची तिथी असो-नसो, रोज चितारायची मोकळीक. विषय आपला. चित्राखाली नाव. चित्राची किंमत. यातलं एकही त्या सवाशिणींना नव्हतं. हात त्यांचाही कसलेला होता, मान होता, गाणी होती. ‘रोजच्या जगण्यातली कला’ म्हणतात ती हीच ना? मग तिचं नाव आपल्याला का सांगता येत नाही?

प्रवासाकडे येते. दोन वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण कोकणात समुद्राजवळ अख्खं घर भाड्यानं घेऊन चार दिवस राहिलो. जाहिरातीत ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ असं लिहिलं होतं. तेव्हाच मला जरा धडकी भरली होती. निघण्याआधीचं सांगत बसत नाही: दशम्या, चटणी, कुणाच्या कुठल्या गोळ्या, दूध बंद करणं, तुळशीला पाणी घालायला शेजारी किल्ली. दुसऱ्या संध्याकाळी धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, बाहेरचं किती खायचं? तुमच्या हातची मऊ खिचडी टाका ना.” आणि सगळे सूर्यास्त बघायला गेले. जाऊ आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत बसलो. ती म्हणाली, “ताई, आपण दोघी इतक्या लांब येऊन फक्त गॅस बदललाय.” घरच्या ग्रुपवर त्या संध्याकाळचे पन्नासेक फोटो आहेत. खाली लिहिलंय, ‘संपूर्ण कुटुंब’.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी स्वयंपाक करायचा नाही असं ठरवलं आणि तसं सांगितलं. गावातच एक बाई घराच्या पडवीत जेवण वाढत होत्या. उकडीचे मोदक, दारात पाटीवर नगाचा भाव खडूनं लिहिलेला. कळ्या अशा काढलेल्या, की बघत राहावं. दिरांनी आणखी चार मागितले. “संपले. उद्या या, आणि सकाळीच सांगा,” म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत आत निघून गेल्या. वाईट कुणालाच वाटलं नाही, उलट दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दीर स्वतः सांगायला गेले. तोच माणूस घरी पाचवी पोळी मागताना ‘संपल्या’ ऐकून कसा चेहरा करतो ते मला माहीत आहे. त्या बाईंचं आयुष्य सोपं आहे असं मी म्हणत नाही. चुलीपाशी त्या पहाटेपासून असणार. पण त्यांच्या मोदकाला भाव होता आणि त्यांच्या ‘संपले’ला वजन होतं.

‘पण माझ्या आईला मनापासून आवडायचं हो,’ असं सांगणारे मुलगे मला फार भेटतात. आवडत असेलही. एकच विचारते: आईला आणखी काय आवडायचं? बहुतेकदा उत्तर येत नाही. पेटी वाजवायची, असं एकानं बऱ्याच वेळानं आठवून सांगितलं; लग्नाआधी. रविवारी मटण करणाऱ्या नवऱ्यांविषयी मी इथे लिहीत नाही. त्यांचं मटण खरंच चांगलं होतं. आठवड्यातून एकदा, लागेल ते सामान आणून, पाठीमागे भांडी घासायला कुणीतरी असताना केलेली कुठलीही गोष्ट चांगली होते. कलेला लागतं ते सगळं त्यांच्याकडे आहे. आणि ‘स्वयंपाक बंदच करा, सगळं मागवा’ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही, कारण मागवलेलं अन्नही कुणीतरी रांधतंच, फक्त आपल्याला दिसेल असं नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला ज्या ताई येतात, त्यांची पोळी माझ्यापेक्षा कितीतरी सरस, एकसारखी गोल, पदर सुटलेली. पाहुणे जेवताना ‘तुमच्या घरच्या पोळ्या म्हणजे कला आहे’ असं मला म्हणतात, आत जाऊन त्यांना कुणी सांगत नाही. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री त्या आपल्या चाळीच्या बोळात, मुलीला सोबत घेऊन, अकरा वाजल्यापासून दोन-अडीचपर्यंत ठिपक्यांची मोठी रांगोळी काढतात. फोनवर दाखवली मला. कुठला रंग कुठे, हे त्या रात्री त्यांना कुणी सांगायचं नसतं, अगदी नवऱ्यानंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या चार घरच्या पोळ्या लाटत असतात.

यंदा त्यांनी वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत पगारी सुट्टी मागितली आहे. मी हो म्हटलं. रात्री जेवताना घरात सांगितलं, तेव्हा ‘मग पोळ्यांचं काय?’ असं दोघांनी एकदम विचारलं, आणि विचारताना दोघंही माझ्याकडे बघत होते.