कुळाची कथा, कुळांची कथा

आमच्या रत्नागिरीत सध्या एक नवी हौस बोकाळली आहे. पूर्वी नोकरीतून निवृत्त झालेला गृहस्थ ज्ञानेश्वरी उघडून बसे. आता तो पूर्वजांवर ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतो. गेल्या वर्षभरात अशी तीन हस्तलिखिते माझ्या टेबलावर येऊन पडली. तिन्हींचा नायक घराण्याचा मूळपुरुष. देखणा, करारी आणि दानशूर! आपला खापरपणजोबा कर्जबाजारी होता, किंवा नुसताच आळशी होता, असे लिहिणारा सुपुत्र अजून जन्मायचा आहे.

हा नाद जगभर आहे म्हणा! आयर्लंडात 1845 पासून बटाट्याचे पीक कुजत गेले. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि निदान तितकीच देश सोडून गेली. त्यांची पणतवंडे-खापरपणतवंडे आज अमेरिकेतून मूळ गाव धुंडाळू लागतात, तो पुढे कोरा कागद! 1922 च्या यादवीत डब्लिनचे सरकारी दफ्तर जळाले आणि जुन्या शिरगणतीची बहुतेक पाने त्यात गेली. मग उरले काय, तर सणवार आणि आजीच्या गोष्टी. केल्टिक लोकांचे वर्ष 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी पालटे आणि त्या रात्री घरची मेलेली माणसे परत येतात, अशी समजूत असे. नरकचतुर्दशीला यमतर्पण करणाऱ्यांना ती फारशी परकी वाटू नये. अशा धाग्यादोऱ्यांवरच तिकडचे लेखक पूर्वजांची कथा विणतात.

आमचे दफ्तर जळाले नाही. फार तर वाळवीने चाखले. शिवाय कित्येक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, वंशावळ, सारे काही त्यांत सापडते. मात्र जुन्या पिढ्यांत बायकांच्या जागा बहुधा रिकाम्या. नवरात्रातल्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे जिने घागर फुंकली, बोडण भरले, सारा कुळाचार सांभाळला, तिचेच नाव कुळात नाही! कादंबरीकाराने पहिले काम हे करावे की, तिला नाव द्यावे. ते कल्पित असले तरी चालेल. ती बाई काही कल्पित नव्हती.

दुसरे काम अंमळ अवघड आहे. मराठीत कूळ म्हणजे वंश, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाराही. आयर्लंड सोडून गेलेल्यांपैकी पुष्कळजण जमीनदारांची कुळे होती. माझ्याकडे आलेले तिन्ही लेखक मात्र खोतांचे वंशज. खोताचा वाडा, खोताची पालखी, खोताचा मान यांची वर्णने झकास आहेत. वेठीला आलेला माणूस मात्र कंदील धरण्यापुरता येतो आणि जातो.

कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षे संप केला. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती नाहीशी करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. कायदा झाला तो 1949 साली. हस्तलिखितांत हे साल येते ते घरावर कोसळलेले संकट म्हणून. पलीकडच्या वाडीत त्या दिवशी काय वाटले असेल, हे कुणालाच विचारावेसे वाटत नाही. श्री. ना. पेंडशांनी 1987 साली ‘तुंबाडचे खोत’मध्ये खोत घराण्याच्या पिढ्या उभ्या केल्या, त्या गुणदोषांसकट; म्हणून ती माणसे वाटतात. तसबिरी वाटत नाहीत.

हे सारे मी त्या तिघांपैकी एकांना सांगितले. ते गंभीर झाले. म्हणाले, “अहो, असे लिहिले तर गावात तोंड कसे दाखवू?”

मी म्हटले, “गावाला सगळे ठाऊकच आहे. ठाऊक नाही ते तुमच्या नातवंडांना.”

ते काही न बोलता वही घेऊन गेले. गणपतीनंतर त्यांचे नवे पहिले प्रकरण आले. त्यात वाडा आहे, पालखीही आहे. पण ती पाहणारी आहे कुळाघरची सून. आणि तिला नाव आहे.