सतरा की एकोणीस? फरक मुठीचा आहे

वर्धा जिल्ह्यात १९७४पासून दारूबंदी आहे. छापे आणि पाळत ही इथल्या पोलिसांची नेहमीची कामे, आणि त्यातली बरीचशी साध्या वेशात करावी लागतात. बोरगाव मेघेसारख्या, शहराला चिकटलेल्या वस्तीत मे महिन्याच्या दुपारी पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, तेव्हा पाळतीवरच्या माणसाच्या अंगावर एक सुती शर्ट असतो. जाकीट नाही, कोट नाही. ग्लॉक १७ आणि ग्लॉक १९ यांची तुलना करणारे लेखन बहुतेक थंड हवेच्या देशांतून येते. विदर्भातल्या प्रशिक्षकाने आणि आर्मोररने ती या शर्टापासून सुरू केली पाहिजे.

गॅस्टन ग्लॉक यांचे १७ ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारले. त्याचे आटोपशीर रूप, म्हणजे १९, आले १९८८ मध्ये. दोन्ही ९ मिमीची, दोन्हींची चौकट पॉलिमरची, आतली यंत्रणा एकच. हा बोअर आपल्याकडे प्रतिबंधित असल्याने परवानाधारक नागरिकापुढे ही निवड येत नाही. ती येते दलांपुढे. १७ची नळी ११४ मिमी, १९ची १०२. रिकाम्या पिस्तुलाच्या वजनात जेमतेम ३० ग्रॅमचा फरक. आखूड नळीमुळे गोळीचा वेग किंचित घटतो, पण पोलिसी चकमकीच्या अंतरावर त्याने काही अडत नाही. फोरसाइट आणि बॅकसाइट यांतले अंतर मात्र १६५ मिमीवरून १५३वर येते. पंचवीस मीटरवर नेम धरताना ते जाणवते, आणि सरावाने भरूनही निघते.

लपवण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती उंची. मॅगझिनसह १७ची उंची १३९ मिमी, १९ची १२८. कमरेच्या आतल्या होल्स्टरमध्ये नळी पँटच्या आत जाते. शर्टाला फुगवटा आणते ती मूठ. म्हणूनच १७ची मूठ आणि १९ची स्लाइड जोडून २०१८ मध्ये आलेले १९एक्स साध्या वेशातल्या पोलिसाच्या उपयोगाचे नाही. ते उघड्या होल्स्टरसाठी चांगले. साध्या वेशातल्या पथकाला १९ द्यावे, हे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

महिला पोलिसांना १९ सोयीचे पडेल, असेही अनेकदा म्हटले जाते. ते बरोबर नाही. मूठ आखूड झाली तरी तिच्या मागच्या बाजूपासून चापापर्यंतचे अंतर दोन्हींत जवळपास तेवढेच राहते. लहान हाताला अडचण होते ती याच अंतराची. चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१०पासून, मुठीच्या मागे बदलता येणारे तुकडे मिळतात. कर्मचाऱ्याच्या हातात पिस्तूल देऊन ते बसवून पाहायला वेळ काढला, तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

मॅगझिनची सोय एकतर्फी आहे. १७चे सतरा राऊंडचे मॅगझिन १९मध्ये बसते, थोडे खाली डोकावते एवढेच. १९चे पंधरा राऊंडचे मॅगझिन १७मध्ये पकडच घेत नाही. एका पथकात दोन्ही पिस्तुले असतील, तर जादा मॅगझिन सतराचीच घ्यावीत.

पण सतरा की एकोणीस या चर्चेत एक फार मोठी गोष्ट मागे पडते. आपल्याकडच्या असंख्य हातांना वळण लागले आहे ते ईशापूरच्या कारखान्यात बनणाऱ्या ९ मिमी १ए पिस्तुलाचे. ब्राउनिंगच्या हाय-पॉवरची ही आवृत्ती: तेरा राऊंड, बाहेरून दिसणारा घोडा, अंगठ्याने चढवायचा सेफ्टी कॅच. ब्राउनिंगच्या त्या रचनेत मॅगझिन काढले की चाप निकामी होतो. ग्लॉकमध्ये तसे नाही. मॅगझिन काढल्यावरही चेंबरमध्ये राऊंड असेल, तर चाप दाबताच तो सुटतो. घोडा दिसत नाही, अंगठ्याखाली कॅच नाही. तिन्ही सेफ्टी आपोआप काम करतात, आणि चाप ओढला की तिन्ही उठतात. पिस्तूल हातातून पडले तर त्या सांभाळून घेतात. बोट चापावर गेले तर नाही.

त्यात भर अशी, की सफाईसाठी ग्लॉक खोलताना चाप दाबावाच लागतो. म्हणजे शस्त्रागारात, टेबलावर, चार माणसे आसपास असताना. क्रम चुकवून आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढले, तर नवा राऊंड चेंबरमध्ये जाऊन बसलेला असतो. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे रोखून चेंबर डोळ्यांनी पाहणे, बोटाने चाचपणे, आणि चाप दाबताना नळी वाळूच्या पेटीकडे. हा क्रम १एवर वर्षानुवर्षे काम केलेल्या अनुभवी हवालदाराला नव्या भरतीच्या शिपायापेक्षा अधिक घोटून घ्यावा लागतो, कारण त्याच्या हाताला जुनी सवय आहे.

नव्या पिस्तुलांचा प्रस्ताव तयार करणाऱ्या प्रत्येक मुख्यालयाने त्याच कागदावर आणखी चार बाबी मांडाव्यात: चाप पूर्ण झाकणारे ताठ होल्स्टर, डमी राऊंड, शस्त्रागाराच्या दाराशी वाळूची पेटी आणि १ए वापरलेल्या प्रत्येकासाठी वेगळा उजळणी वर्ग. निधी कमी पडत असेल, तर पिस्तुलांची संख्या कमी करावी. या चार बाबींना कात्री लावू नये.